गेंड्याची तब्येत

दातांवरचं कीटण काढायच्या बारीक आकडीने डॉक्टर इंजिनाच्या वॉल्व्हवरचा कोळसा खरवडत होता. पापुद्रा सुटला की कागदावर टक्कन पडायचा, आणि दर वेळी त्याला लहान मुलासारखा आनंद व्हायचा.

"पेशंटला कळ येतेय का विचार," धाकटी म्हणाली.

"भूल दिलीय. तू तुझं काम कर."

धाकटी हसली आणि क्लॅम्पने पुढची स्प्रिंग दाबायला लागली. गॅरेज तिचं होतं. बारा वर्षांपूर्वी बाबांच्या गुडघ्यांनी संप पुकारला तेव्हापासून तीच चालवत होती. तिचा हा मोठा भाऊ दातांचा डॉक्टर. दवाखाना चार दिवस बंद ठेवून तो आला होता, कारण उद्या बाबांना ऐंशी पूर्ण होणार होती आणि भेट काय हवी विचारल्यावर बाबांनी एकच गोष्ट सांगितली होती. गेंड्यात बसून, स्वतः चालवत, टेकडीवरच्या जुन्या खाणीपर्यंत जायचं.

गेंडा म्हणजे बाबांची जुनी गाडी. उंच, बसक्या नाकाची, दगडधोंड्यांतून वाट काढणारी. इंजिनाला आठ सिलिंडर, चार उजवीकडे, चार डावीकडे, आणि दोन्ही बाजूंवर झाकणासारखं एकेक लोखंडी हेड. गेल्या महिन्यात चढावर गेंड्याचा दम तुटायला लागला, तेव्हा धाकटीने दोन्ही हेडं उतरवली. अर्ध्या जबड्यात आठ दात, एका हेडमध्ये आठ वॉल्व्ह. हे कळल्यापासून डॉक्टरला इंजिन एकदम घरचं वाटायला लागलं होतं. टोकाच्या वॉल्व्हला तो अक्कलदाढ म्हणायचा.

उजव्या हेडचं काम काल संपलं होतं. त्यातल्या दोन वॉल्व्हच्या कडा जळून खाल्ल्या गेल्या होत्या, ते नवे घातले. आज डाव्याची पाळी होती. धाकटी एकेक वॉल्व्ह काढून पुठ्ठ्याच्या भोकात क्रमाने खोचत होती. ज्याची जागा त्यालाच, नाहीतर वॉल्व्ह नीट बसत नाही. म्हणून बाबा प्रत्येक वॉल्व्हच्या तोंडावर पंचने टिंबं मारायचे. रेडिएटरकडून सुरुवात, पहिल्यावर एक, दुसऱ्यावर दोन, असं मागे आठपर्यंत. काल उजव्या हेडमध्ये तशीच निघाली होती, शिस्तीत.

डॉक्टरने फुंकर मारून कोळशाची भुकटी उडवली आणि वॉल्व्ह उजेडात धरला.

"हा कितवा दिलास?"

"पहिला. रेडिएटरकडचा."

"यावर आठ टिंबं आहेत."

"चष्मा पूस."

त्याने चष्मा पुसला. आठच होती. दुसरा वॉल्व्ह खरवडला, तिसरा खरवडला. सात, सहा. आकडी खाली ठेवून तो स्टुलावर बसला.

ही टिंबं त्याचीच होती. एकतीस वर्षांपूर्वीची.

तो सतरा वर्षांचा असताना बाबांनी पहिल्यांदा एक आख्खं हेड त्याच्या हाती सोपवलं होतं, हेच, डावं. तो डावखुरा. त्याने आपल्या सोयीने मागच्या टोकाकडून टिंबं मारली, वॉल्व्ह घासले, हेड बसवलं, आणि मोठ्या ऐटीत बाबांना सांगितलं. सांगताना टिंबांचंही सांगून बसला. चार गिऱ्हाइकं उभी असताना बाबा कडाडले, "उलट्या खोपडीचा! उद्या सगळं खोलून मी परत करतो. तुझे हात या कामाचे नाहीत." दोन आठवड्यांनी तो हॉस्टेलवर गेला. पुढे हजारो दात दुरुस्त केले, लोकांनी हात जोडून आभार मानले, पण ते वाक्य काही निघालं नाही. आपल्या हातांबद्दल बाबांनी एकदा चांगलं बोलावं, एवढीच त्याची इच्छा होती, आणि या वयात ती कुणाला सांगायचीही चोरी.

"खोललंच नाही की त्यांनी," धाकटी पुठ्ठ्याकडे बघत म्हणाली. मग तिने कमरेवर हात ठेवले. "आणि दादा, जळाली ती बाबांची बाजू. तुझी ठणठणीत आहे!"

"हळू बोल."

"त्यांना ऐकू येतं कुठे? तू रुसून गेलास म्हणून मला पाना धरावा लागला. तुझ्या उलट्या टिंबांवर माझं आख्खं आयुष्य उभं आहे, माहितेय?"

तेवढ्यात बाबाच चहाची किटली घेऊन दारात आले. डॉक्टर उठला आणि वॉल्व्ह त्यांच्यापुढे धरून मोठ्याने म्हणाला,

"बाबा, हे हेड तुम्ही खोलून पुन्हा केलं नव्हतं?"

बाबांनी किटली ठेवली. वॉल्व्ह घेऊन अंगठ्याने टिंबं चाचपली, सावकाश, आठही.

"सकाळी खोलायलाच आलो होतो. खोलायच्या आधी एकदा चालू करून बघितलं."

"मग?"

"मग काय? चांगल्या इंजिनाला उगाच हात लावू नये."

"पण मला का नाही सांगितलंत?"

"सांगितलं की," बाबा म्हणाले. "चहा घ्या, गार होतोय." आणि गुडघे सांभाळत बाहेर खुर्चीकडे गेले.

"कधी सांगितलं?" डॉक्टरने धाकटीला विचारलं. ती चहा ओतायला लागली होती. हॉस्टेलवर गेल्यापासून त्याला वर्षाकाठी चार पत्रं यायची बाबांची, तीही पाच ओळींची. हवापाणी, घराची डागडुजी, आणि शेवटी न चुकता, 'गेंडा ठीक आहे. उघडावा लागला नाही.' डॉक्टरची बायको ते वाचून हसायची. सुनेची चौकशी नाही, गेंड्याची तब्येत मात्र वेळच्या वेळी कळते, म्हणायची.

विचार करायला वेळ नव्हता. डावं हेड धाकटीने सरळ त्याच्यापुढे सरकवलं.

"तूच कर. मी हात लावणार नाही."

मग तो पेटलाच. प्रत्येक वॉल्व्हला घासायची पेस्ट लावून रबरी वाटीच्या दांडीने तळहातांत घुसळल्यासारखा फिरवायचा, उचलून बघायचा, परत फिरवायचा. आधी खरखर, मग मऊ आवाज, मग कडेला सगळीकडून सारखं राखाडी वर्तुळ. आठवा झाला तेव्हा त्याचे तळहात लालबुंद झाले होते.

"नंबर आता सरळ करायचे का?" धाकटीने विचारलं.

"खबरदार!"

स्प्रिंगा चढवून त्यांनी हेड कुशीवर ठेवलं आणि आत रॉकेल ओतलं. वॉल्व्हच्या कडेने एक थेंब जरी बाहेर आला तरी मेहनत पाण्यात. दहा मिनिटं दोघं भिंतीवरच्या घड्याळाकडे आणि त्या कडांकडे आळीपाळीने बघत राहिली. धाकटीने मध्येच बोट फिरवून पाहिलं. कोरडं.

"दादा!" ती ओरडली आणि काळ्या हातांनीच त्याला मिठी मारली.

चारच्या सुमारास टॉर्क पान्याने मधून कडेकडे शेवटचा बोल्ट आवळून झाला. पाणी भरलं, तेल भरलं, बॅटरी जोडली. बाबा स्टिअरिंगमागे बसले. कुणाला विचारलंही नाही त्यांनी.

पहिल्या वेळी नुसती घरघर. दुसऱ्या वेळीही. तिसऱ्या वेळी गेंडा खोकला, धूर सोडला, आणि एकदम आठही सिलिंडर एका सुरात बोलायला लागले. धाकटीने डबा वाजवत गॅरेजभर नाच केला.

बाबा खाली उतरले. कान केव्हाचे गेले होते, म्हणून इंजिन ते तळव्याने ऐकायचे. उजव्या हेडच्या कव्हरवर हात ठेवला, मान हलवली. मग डाव्यावर ठेवला. तिथे तो बराच वेळ राहिला.

"उघडायला नको," ते म्हणाले.

गाडीकडे बघतच म्हणाले ते, आणि हात पुसत आत गेले. डॉक्टर चिंधी धरून तसाच उभा राहिला. वर्षाकाठी चार, एवढी वर्षं. तो मनातल्या मनात पत्रं मोजायला लागला आणि मोजता मोजता डोळ्यांसमोरचं धूसर झालं.

खिशातला फोन वाजला. बायको होती.

"काय, कसं चाललंय तिकडे?"

"गेंडा ठीक आहे," तो म्हणाला. "उघडावा लागला नव्हता."

"अरे, गाडीचं काय सांगतोस? बाबा काही बोलले का, ते विचारतेय मी."

"तेच सांगतोय," डॉक्टर म्हणाला.