प्रमुख निर्माते

पिन तिरपी बसली होती. पाच पानांची नोटीस आणि कोपऱ्यात एकच पिन, तीही तिरपी. एवढ्या मोठ्या कंपनीच्या वकिलाकडे धड स्टेपलर असू नये याचं विश्वंभरला बरं वाटलं. बाकी पहिल्या पानावर बरं वाटण्यासारखं काही नव्हतं. मुबश्शीर खान, प्रमुख निर्माते... मूळ इंग्रजीत होतं, पण मनातल्या मनात मराठी करताना ते आपोआप आदरार्थी झालं, आणि त्याचाही त्याला राग आला. वसमतला तहसीलसमोर झेरॉक्सचं दुकान चालवणारा माणूस, आणि म्हणे निर्माते!

"काय म्हणून राहिले ते, सर?" मुबश्शीरनं काउंटरपलीकडून विचारलं. "दुकानाला सील तर न्हाई ना लावत?"

"वाचू दे की."

याच कंपनीच्या जुन्या फॉन्टमधला मजकूर आजच्या मोबाइलवर वाचता येईल असा करून देणारं ते सॉफ्टवेअर दोघांचं होतं. कोड उघडा ठेवलेला — कुणीही घ्या, बदला, वाटा, फुकट. पण विश्वंभर पडला शाळेत मास्तर. संस्थाचालकांना जोडधंद्याचा वास नको म्हणून त्यानं आपलं सगळं काम मुबश्शीरच्या लॉगिनवरून केलं, आणि लॉगिन ज्याचं, नाव त्याचं. शहाणपणा त्याचाच होता. मग परभणीला सत्कार झाला तो मुबश्शीरचा, शाल मुबश्शीरला, आणि तिसऱ्या रांगेत टाळ्या वाजवणाऱ्या विश्वंभरला त्या शालीचे काठसुद्धा अजून आठवतात — मोरपंखी, थोडे भडकच. आता नोटीससुद्धा यालाच! माणसाच्या वाट्याला काही म्हणजे काहीच येऊ नये...

"मुबश्शीरभाई," सातबाऱ्याची झेरॉक्स घ्यायला आलेला सोनाजी म्हणाला, "थेट हैदराबादची कंपनी वळखती म्हणा तुमाला! आमाला तलाठीबी वळखत न्हाई."

मुबश्शीर हसला. हसता हसता त्यानं सातबाऱ्याची एकच बाजू दोनदा काढली. ते विश्वंभरनं पाहिलं, आणि तरी त्याला डाचलं ते सोनाजीचं कौतुकच.

त्यानं चौथं पान उलटलं. आरोप एकाच फाइलवर होता. कोणती कळ दाबली की कोणतं अक्षर उमटतं, याचा कंपनीचा अख्खा तक्ता तिच्यात उचलला आहे — आणि पुरावा असा, की कंपनीच्या पुस्तिकेतल्या तीन चुकासुद्धा जशाच्या तशा आहेत. 'अत्यंत कुशलतेने केलेली नक्कल.'

माझी. ती फाइल माझी. उन्हाळ्याच्या सुट्टीत, पुस्तिका मांडीवर घेऊन, पंखा बंद असताना... सारख्या चुका दिसल्या की दोन्ही पोरांच्या उत्तरपत्रिका बाजूला काढायच्या, ही तर गेली अठरा वर्षं माझीच रीत. आणि कुशलतेने! आयुष्यात पहिल्यांदा कुणी लेखी म्हटलं, आणि ते मुबश्शीरच्या नावावर गेलं.

"इथल्या वकिलाला फोनवर विचारलं. ते म्हणले, सॉफ्टवेअरसंगं 'कसलीच हमी न्हाई' असं लिहिलं होतं तरी उचलेगिरीला माफी न्हाई. पंधरा दिवसांत खुलासा द्या, न्हाईतर कोर्ट." मुबश्शीर वाकून पान चार बघू लागला. "सर, हे कवा लिहिलं असंन म्या? लई डोकं खाजवून राहिलो, पण आठवतच न्हाई. पण नाव माझं हाये, म्हंजे म्याच लिहिलं असंन. खुलासा तसाच देतो. बराबर ना?"

एक वाक्य. तीन वर्षं जे ओठांवर घोळवलं तेच — मुबश्शीर, ते मी लिहिलं. आता ते सांगायला कुणी अडवत नव्हतं, उलट समोरचा माणूस विचारत होता. विश्वंभरनं तोंड उघडलं, आणि त्याला संस्थाचालकांचा चेहरा दिसला, मग कोर्टाचा जिना दिसला. शाल मात्र काही केल्या दिसेना.

"सर?"

मुबश्शीर त्याच्याकडे बघत होता, खरोखरच काही न आठवणाऱ्या माणसाच्या डोळ्यांनी. आणि विश्वंभरला त्या न आठवण्याचा असा हेवा वाटला, असा, की जवळ होतं ते सगळं देऊन त्यानं तेवढंच मागून घेतलं असतं.