तिथं कोन असते?

खुशालराव गुरुजींनी अंगठ्याला थुंकी लावून पान उलटलं, चष्मा नाकावर खाली घेतला आणि वाचण्याआधी एकदा नितेशकडे पाहिलं. नितेशनं हलकेच मान हलवली. भिंतीला टेकून बसलेल्या साधनाला ते दिसलं. आज आपली पाळी, हे तिला कळून चुकलं.

बाळापूरच्या अलीकडच्या या गावात मयताच्या घरी तेरवीपर्यंत पोथी वाचायची ती गुरुजींनीच. शाळेतून रिटायर झाल्यापासून त्यांचं हेच काम. वाचायचे झकास, पण खोड अशी, की पोथीत आहेत तेवढ्या नरकांवर त्यांचं भागत नसे. ज्या घरी वाचायचं त्या घरची कुरकुर आधी विचारून घ्यायची आणि तिच्या मापाचा एक नरक मधेच सोडून द्यायचा. एका घरी त्यांनी भावाचा धुरा, म्हणजे शेताचा बांध, कोरणाऱ्याला दातांनी वावर नांगरायला लावलं होतं. तो माणूस दुसऱ्याच दिवशी दोरी घेऊन वावर मोजायला गेला. लोक मागून हसायचे, पण समोर बसलं की हसू कुणाला यायचं? पाटावर मेलेल्याचा फोटो, पुढे दिवा, आणि तो जीव तेरवीपर्यंत घरातच बसून ऐकतो, असं सगळेच मानत. उघड्या पोथीसमोरून उठायचीही सोय नव्हती.

नत्थुजी, साधनाचा बाप, फोटोतही रागावलेलेच दिसत होते. सासरच्या माराला कंटाळून साधना दोनदा धारणीहून पळून आली होती, आणि दोन्ही वेळा त्यांनी तिला अकोल्याच्या स्टँडवर नेऊन एस्टीत बसवून दिलं होतं. दुसऱ्या वेळी ती आली ती डावा हात मोडूनच. तो नंतर बसला, पण वाकडा. अजून खांद्याच्या वर जात नाही. या वेळी ती बापाच्या मातीला आली आणि तिसऱ्या दिवशी भावाला, नितेशला, म्हणाली,

“भाऊ, मी आता परत जात नाई. गेली त मरीन तिथं.”

नितेश वाईट माणूस नव्हता. पण त्याच्या लेकीची, आचलची, सोयरीक जुळत आली होती. नवरा सोडलेली आत्या घरात बसलेली पाहिली तर पाहुणे काय म्हणतील, या धास्तीनं त्याची झोप उडाली होती. उद्या तेरवी. उद्या साधनाचा नवरा कुलदीप जीप घेऊन येणार, आणि परतताना साधना त्या जीपमध्ये बसणार, हे नितेशनं त्याला फोनवर सांगूनही टाकलं होतं.

गुरुजींनी घसा साफ केला.

“आन जी बाई नवऱ्याचं घर सोडून माहेरी येऊन बसते, तिच्यासाठी येगळा नरक हाये. लोखंडाचा खांब, लालभडक तापवलेला. यमदूत तिले त्या खांबाले मिठी माराले लावते. कातडं सोलून निंगते, पुन्हा नवं येते, पुन्हा मिठी. पानी मांगतलं त उकळतं तेल.”

बायांनी पदर तोंडाला लावले. साधनाकडे कुणीच बघत नव्हतं, आणि तेच जास्त झोंबत होतं. हे पोथीतलं नाही, गुरुजींच्या पोटातलं आहे, हे तिला ठाऊक होतं. बारावीपर्यंत शिकलेली बाई ती. पण ठाऊक असून उपयोग काय? घाम फुटायचा तो फुटलाच. तिकडे खांब, इकडे जीप. मागे भिंत आणि समोर बापाचा फोटो. जावं तरी कुठं माणसानं? वाकडा हात तिनं पदराखाली घेतला.

“गुरुजी, थांबा जरासक.”

आवाज कोपऱ्यातून आला. सुभद्राबाई, साधनाची माय. नवरा गेल्यापासून बारा दिवसांत ती चार शब्द बोलली नव्हती. त्यात पोथी चालू असताना मधेच तोंड उघडायचं म्हणजे तर हद्दच झाली. गुरुजी चपापले.

“बोला ना, वयनी.”

“त्या खांबापाशी किती वर्सं राहा लागते?”

“पाप फिटेपर्यंत.”

“मंग सोडते?”

“सोडते त. भोग सरला का जीव मोकळा.”

सुभद्राबाईनं मान डोलावली. बाजारात वांगी घेण्याआधी दोन प्रश्न विचारावेत, तसं तिचं चाललं होतं.

“आन मिठी माराले लावनारे कोन? यमदूतच ना? परके?”

“परकेच म्हना.”

“नवरा नसते तिथं?”

गुरुजींनी पोथीकडे पाहिलं. असला प्रश्न त्यांना आजवर कुणी विचारला नव्हता.

“नवरा कायले राहीन? ज्याचं कर्म त्याच्यापाशी. ज्यानं त्यानं आपापल्या ठिकानी जा लागते.”

“सासू? दीर?”

“कोनीच नाई, वयनी. तिथं जीव एकटा जाते.”

“असं होय.” सुभद्राबाईनं पाटावरच्या फोटोकडे पाहिलं. सरळ डोळ्यांत पाहिलं. बाप जिवंत असताना मायनं असं पाहिलेलं साधनाला आठवत नव्हतं. “मंग आधी काहून नाई सांगतलं जी कोनी? मले वाटे, तिथंबी हेच असतीन. म्हनून त राह्यली मी.”

नितेश लालबुंद झाला.

“माय, काय बोलून राहिली तू? लोकं बसले हायेत.”

“बसू दे. त्याह्यलेबी आयकू दे.” तिचा आवाज चढला नाही. “साधना कुठंच जात नाई. हे घरकुल माह्या नावावर निंगालं हाये, तुह्या बापाच्या नाई. आचलच्या पाव्हन्याइले काय सांगाचं ते मी सांगीन. आन कुलदीपले आजच फोन लाव. म्हनाव, तेरवीचं जेवाले ये, आन जेवून एकटा जाय.”

नितेशनं खिशातला फोन बाहेर काढला, पण नुसता हातात धरून बसून राहिला. साधनाला रडू फुटलं. बापाच्या मातीला आलं नव्हतं ते रडू आता आलं, आणि ते स्वतःसाठी नव्हतं. इतकी वर्षं माय कशाला भीत होती, हे आज तिला कळलं होतं.

“वाचा ना जी पुढं,” सुभद्राबाई म्हणाली.

गुरुजींनी वाचलं, पण जेवढं छापलेलं होतं तेवढंच. वाचून झालं तशा बाया फोटोला हात जोडून उठल्या. एरवी स्वयंपाकाच्या घाईनं पळणाऱ्या बाया आज उंबऱ्यापाशी घुटमळत होत्या. शेजारची पुंजाबाई, पन्नास वर्षं नवऱ्यामागे खालमानेनं चालत आलेली बाई, गुरुजींच्या अगदी जवळ गेली.

“गुरुजी, तिथं नवरा नसते म्हनून सांगतलं तुमी,” ती हळूच म्हणाली. “ते पक्कं हाये ना जी?”

मागच्या चौघीजणी पायात चपला घालता घालता थांबल्या.