पहिल्या पाळीचा मान

सोनपेठहून गोदेकडं जाणारी एसटी हिंगणवाडीच्या फाट्याजवळ आली, की फेब्रुवारीत प्रवासी कुणी न सांगता खिडक्या ओढून घेत. ऊस तुटून गेला की रानात उरतं ते वाळलेलं पाचट, आणि पाचटाला काडी लावायची असते, हे हिंगणवाडीच्या लेकराला चालता येण्याआधी कळायचं. परभणीच्या विद्यापीठातले लोक एकदा येऊन गेले. पाचट जाळू नका, रानातच कुजवा, असं त्यांनी पडद्यावर चित्रं दाखवून सांगितलं. ऐकणारे एकशे चौदा, जेवणारे एकशे साठ, माना डोलावणारे सगळे, पाचट न जाळणारा एकही नाही.

गावाचीही बाजू होती. कुजवायचं म्हणजे पाचट बारीक करा, त्यावर औषध शिंपडा, माणसं लावा. काडीला माणूस लागत नाही.

दोन सालांमागं व्यंकटरावांच्या पाचटाची आग बांध ओलांडून बन्सीधरच्या रानात गेली. त्याच्या ठिबकच्या नळ्या वितळल्या, दोन लिंबाची झाडं उभी जळाली, धुरापायी शाळा दोन दिवस बंद राहिली. व्यंकटरावांनी दोष वाऱ्यावर टाकला. वाऱ्यावर गुन्हा दाखल करता येत नाही, त्यामुळं प्रकरण तिथंच मिटलं.

व्यंकटराव म्हणजे गावाचे आबा. चाळीस एकर रान आणि अकरा वर्षांची जुनी सरपंचकी. पोळ्याला तोरणाखालून पहिला बैल त्यांचा, होळीला पहिला नैवेद्य त्यांचा, पंगतीत पहिलं पान त्यांचं. कुणाच्या घरी मयत झालं तर पहिले पोचायचेही तेच, हे त्यांच्या जमेला धरायला हवं.

अशा माणसानं सव्वीस जानेवारीच्या ग्रामसभेत ठराव मांडला: येत्या पाडव्यापासून हिंगणवाडीच्या शिवारात मेंढरांना बंदी. कारण, मनकर्णाबाईच्या मेंढरांनी त्यांच्या उसाचे कोवळे फुटवे खाल्ले होते. खाल्ले होते हे खरं. पण नदीकडं जाणारी पांदण कागदावर चौदा फूट रुंद, आणि आबांचा नांगर दरसाल एकेक ओळ आत घुसत घुसत ती सहा फुटांवर आली होती. एकशे चाळीस मेंढरं त्या बोळातून निघाली, की दोन्हीकडचा ऊस त्यांच्या तोंडाशीच यायचा. मेंढराला सात-बारा वाचता येत नाही.

गावात मेंढरं उरली होती ती एकट्या मनकर्णाबाईच्या घरी. नवरा ग्यानबा गुडघ्यांपायी घरी बसलेला, त्यामुळं काठी तिच्या हातात. बंदी झाली तर कळप विकायचा आणि पन्नाशीच्या पुढं दुसऱ्याच्या बांधावर रोजानं जायचं, एवढंच तिच्यापुढं होतं. हे सभेतल्या प्रत्येकाला ठाऊक होतं, म्हणून जो तो आपल्या चपलांकडं बघत बसला होता.

सरपंच राजेश्री वयानं अठ्ठावीस. पहिले सहा महिने तिच्या खुर्चीवर तिचा नवरा बसायचा. एका सभेला ती लवकर येऊन खुर्चीवर बसली, नवऱ्याला सतरंजी घ्यावी लागली, आणि तेव्हापासून त्याला सभेच्या दिवशी नेमकं सोनपेठला काम निघतं. तिनं विषय वाचले: एक, मेंढरांना बंदी, दोन, पाचट जाळण्याला आळा.

मनकर्णाबाई उठली.

"सरपंचबाई, दोन विषय कामून? एकच करा. पाचट जाळू नका, त्याच्यावर माझी मेंढरं बसवा."

सभेत हसू पसरलं. आबांनी तर मांडी बदलली. "मेंढरं पाचट खायलेत का आता, मनकर्णा?"

"खात न्हाईत आबा. तुडवतेत, अन् वरून मुततेत. थंडीत आमी कोकरांखाली पाचट अंथरतो. पंधरा दिसांनी उचलाया जावं, तर उचलाया काय राहतच न्हाई. हातात नुसता काळा भुगा."

खतासाठी रानात मेंढरं बसवायची रीत जुनी. ज्वारीच्या, हरभऱ्याच्या रानात बसवून घरोघर शेरभर दाणे घेणं मनकर्णाबाईच्या सासऱ्यापासून चालत आलेलं. पण उसाच्या रानात कुणी मेंढरू उभं करत नव्हतं, कारण ऊस हे आबांसारख्यांचं पीक आणि मेंढरू हे ग्यानबासारख्यांचं धन. दोघांची सोयरीक कुणाच्या डोक्यात आली नव्हती.

राजेश्रीनं विचारलं, महिनाभर बघायला एखादं रान कोण देईल? तेव्हा गावाला एकदम खोकला आला. शेवटी मागून बन्सीधर म्हणाला, "माझं मागच्या साली न इचारता जळालं. यंदा इचारून तुडवा." त्याचा दीड एकर ऊस चारच दिवसांमागं तुटला होता.

महिन्यात पाचट कुजलं नाही तर बंदीचा ठराव बिनविरोध घ्यायचा, असं आबांनी लिहून घेतलं आणि ते पान दोनदा वाचलं.

एकशे चाळीस मेंढरांचं ते काम नव्हतं. फुटवे जमिनीबाहेर यायच्या आत रान मोकळं करायचं होतं. मनकर्णाबाईनं झरीला भावाला, रामकिशनला, फोन केला. तो स्वतःचा आणि साडूचा कळप हाकत तिसऱ्या दिवशी हजर झाला. पाचशे मेंढरं झाली. जाळीचं वाघर लावायचं, एका पट्ट्यात बसवायचं, दुसऱ्या दिवशी वाघर पुढं सरकवायचं. दहा दिवसांत दीड एकर खुरांखालून गेलं. येणारा-जाणारा बांधावर थांबून सल्ला देई. सल्ले मोप आले. वाघराचे खुंट ठोकायला मात्र बन्सीधर एकटाच होता. मेंढरं निघाली तशी त्यानं रान भिजवलं.

मग वाट बघणं आलं. तिसऱ्या आठवड्यापर्यंत वरून काही दिसेना. पाचट होतं तसंच पिवळं. ग्यानबाचा धीर सुटला. त्यानं सोनपेठच्या बाजारातल्या एका व्यापाऱ्याला निरोप धाडला. विकायचीच वेळ आली तर मेंढरं निदान रोडावायच्या आत जावीत, एवढाच त्याचा विचार. व्यापारी येऊन मेंढरांचे जबडे उघडायला लागला, तेवढ्यात मनकर्णाबाई रानातून परतली.

"दात मोजून झाले असतील तर चहा घ्या अन् उठा," ती म्हणाली. सकाळीच तिनं बन्सीधरच्या रानात पाचटाखाली मनगटापर्यंत हात घातला होता आणि तो ऊबदार निघाला होता.

महिना भरला त्या दिवशी राजेश्रीनं सभा चावडीत न घेता थेट बन्सीधरच्या बांधावर बोलावली. आबा सपत्नीक आले. त्यांनी काठीनं वरचा थर बाजूला केला. खालचं अर्धं पाचट मातीत मिसळलं होतं, उरलेलं मुठीत चुरा होत होतं. त्यातून उसाचे फुटवे हिरवेगार वर आले होते.

"पानी जास्ती दिलं असंल," आबा म्हणाले.

त्यांच्या पत्नी नर्मदाबाई खाली बसल्या. कढीपत्त्याच्या झाडाला म्हणून त्यांनी पदरात चार मुठी भरून घेतल्या. मातीतली गांडुळं बोटानं मोजली आणि सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाल्या, "आपल्या चाळीस एकरात पानी काय कमी देतो व्हय? एवढी गांडुळं मी कवा बघितली न्हाईत."

झालं. एका महिन्यापूर्वी खोकणारं गाव आता मेंढरांसाठी पाळी मागायला लागलं. राजेश्रीनं वहीचं कोरं पान काढलं. मनकर्णाबाईनं आधीच सांगितलं, यंदाच्या हंगामात आठच रानं होतील, पुढं फुटवे येतील. तेवीस जण पुढं सरकले. पहिलं नाव भुजंगनं घातलं. भुजंगचं रान तीन एकर. पोळ्याला त्याचा बैल सतराव्या नंबरवर जातो.

आबांचा चेहरा बघण्यासारखा झाला. त्यांच्या नावाच्या वर गावात कुठल्याच यादीत कुणाचं नाव चाळीस वर्षांत लागलं नव्हतं. मतदार यादी सोडून, आणि तिथं त्यांचा इलाज नव्हता. त्यांनी घसा साफ केला.

राजेश्रीनं नम्रपणे सांगितलं, "आबा, आधी तुमचा ठराव घेते. बंदी मंजूर झाली तर मंग ही यादीच फाडावी लागंल."

आबांनी काठीनं माती उकरली. मग म्हणाले, "ठराव माघारी."

"कारण काय लिहू?"

"गावाच्या हितासाठी, असं लिव्हा. अन् नाव वर घ्या माझं. रिवाज हाय तो."

भुजंग काही बोलायच्या आत मनकर्णाबाईच बोलली. "घ्या वर. आबांचा मान हाय, मी कोन मोडनार? पन आबा, पाचशे मेंढरं तुमच्या रानात आणू कुठून? पांदण सहा फुटांची. कडंचा ऊस तोंडाला लागनार, अन् पुढच्या सव्वीस जानेवारीला पुन्हा मीच सभेत उभी. चौदा फूट होऊ द्या, पैली पाळी तुमची. तवर भुजंगची."

बांधावर कुणी हसलं नाही. हसू आवरण्यात सगळ्यांचं बळ खर्ची पडत होतं. नर्मदाबाईंनी मात्र पदरातली माती सावरत विचारलं, "ट्रॅक्टर सकाळी लागनार का दुपारी?"

तो सकाळीच लागला. दोन दिवसांत आबांनी आपल्या बाजूचे आठही फूट स्वतः उभं राहून मोकळे केले, आणि खालच्या अंगाला ज्यांनी ज्यांनी फूट-दोन फूट दाबले होते त्यांच्या बांधावर जाऊन त्यांनाही सोडायला लावले. मान माणसाला काय काय करायला लावतो, याची नोंद कुठल्या दफ्तरात होत नाही. झाली असती तर ते पान आबांनी दोनदा वाचलं असतं. तिसऱ्या दिवशी मेंढरं त्यांच्या रानात बसली. पहिली.

त्याच आठवड्यात ठराव झाला: शिवारात मेंढरांचा हक्क कायम, आणि जो पाचट जाळील त्याची पाळी तीन वर्षं बंद. बाजूनं एकशे अठरा हात, विरोधात एकही नाही. आबांचा हात वर गेला तेव्हा नर्मदाबाईंचा आधीच वर होता.

या गोष्टीला वर्ष झालं. यंदाच्या फेब्रुवारीत गावानं तीन धूर मोजले. त्यातले दोन चुलीचे निघाले. तिसरा ज्याचा होता, तो अजून सरपंचाच्या घराच्या चकरा मारायलाय. यादीत एकेचाळीस नावं आहेत आणि मेंढरं कमी पडताहेत. ज्या कळपाचे दात मोजले गेले होते, तो आता दोनशे दहाचा झाला. मागच्या मंगळवारी आबा जीप घेऊन स्वतः झरीला गेले, रामकिशनला आणखी दोन कळप आणायची गळ घालायला. जाताना मनकर्णाबाईला पुढच्या सीटवर बसवलं. "मनकर्णाबाई, तुमीच बोला तेंच्याशी," एवढंच वाटेत म्हणाले म्हणे.

काल ते कळप आले. पाचही कळप एकत्र पांदणीतून नदीकडं पाण्याला निघाले, एकाही मेंढराचं तोंड कडेच्या उसाला लागलं नाही. ग्यानबा बांधावर बसून मोजत होता. सहाशेच्या पुढं त्याचा आकडा चुकला. त्यानं शेजारून जाणाऱ्या बन्सीधरला हाक मारली, जवळ बसवून घेतलं आणि म्हणाला, परत पैल्यापासून मोजू, घाई कशाची हाय.