वाढत्या मापाची बंदूक

"माणसानं आयुष्यात दोनच गोष्टी स्वतः पारखून घ्याव्यात," उल्हासराव म्हणाले. "एक जोडीदार आणि दुसरी बंदूक."

हे ते कॅनडातल्या रेजिना शहराच्या मराठी मंडळाच्या गणपतीत, कर्लिंग क्लबच्या भाड्याच्या हॉलमध्ये, मसालेभाताच्या रांगेत उभं राहून म्हणाले. जोडीदार त्यांच्या मावशीनं पसंत केला होता, तोही फोटोवरून, आणि फोटो ग्रूपचा होता. बंदुकीचं म्हणाल, तर सातवीतल्या दिवाळीत टिकल्यांच्या पिस्तुलानं त्यांचा अंगठा भाजला होता. त्यानंतर शस्त्रास्त्रांशी त्यांचा संबंध आला नाही. पत्नी प्रभाताई होत्या तोवर झुरळ मारायचं झालं तरी ते त्यांना हाक मारत आणि स्वतः खुर्चीवर उभे राहत. पुढे उभ्या असलेल्या नागपूरच्या जयदीपनं सगळं ऐकून घेतलं आणि काका, जरा सरकता का, लोणचं तुमच्या मागे आहे, असं सांगितलं.

पण उल्हासराव गंभीर होते. त्यांची नात ऊर्मी तेरा वर्षांची झाली होती आणि तिला शिकारीला जायचं होतं. वर्गातल्या मैत्रिणीचं शेत होतं, मैत्रिणीचा बाप दर नोव्हेंबरात हरणांच्या मागे जायचा, आणि त्यानं दोघी पोरींना बरोबर न्यायचं कबूल केलं होतं. ऊर्मीनं शिकारीचा सरकारी कोर्स करून शहाण्णव टक्के पाडले होते. तिची आई चैत्राली हिनं घरात बंदूक येणार नाही असं बजावलं होतं. बाप शंतनु म्हणाला, फेज आहे, जाईल. जुनी बंदूक मैत्रिणीचा बाप उसनी द्यायला तयार होता. उल्हासराव म्हणाले, आपल्या घरात पहिलं दप्तर, पहिली सायकल कुणी उसनी आणलेली नाही, रायफल मी घेणार.

एकाहत्तराव्या वर्षी त्यांनी त्यासाठी लायसन काढलं. दोन दिवसांचा कोर्स होता. वर्गात सगळी विशीतली पोरं, आणि हे एकटे वहीत दोन रंगांच्या पेनांनी नोट्स काढत होते. नळी नेहमी सुरक्षित दिशेला, बोट चापावर नाही, हे त्यांनी इतकं मनावर घेतलं की आठवडाभर ते झाडूसुद्धा जमिनीकडे तोंड करून धरत. पास झाले. मग कार्ड यायची वाट पाहण्यात वसंत आणि उन्हाळा गेला. त्या महिन्यांत ऊर्मी दर शनिवारी दुपारी त्यांच्याकडे यायला लागली होती. लॅपटॉपवर दोघं रायफली बघायची. तो शनिवार सोडला तर आठवड्यात उल्हासरावांशी बोलणारं माणूस म्हणजे ग्रोसरीतली कॅशियर, आणि तिचा प्रश्न एकच असायचा, पिशवी हवी का.

वहीत त्यांनी रकाने आखले होते. वजन, उंची, घराणं, स्वभाव. स्वभाव म्हणजे गोळी सुटल्यावर खांद्याला बसणारा धक्का. स्थळं बघावीत तशी त्यांनी एकोणीस रायफली बघितल्या आणि सतरा नाकारल्या. एकीची नळी त्यांना उथळ वाटली. का ते त्यांनाही सांगता आलं नाही, पण स्थळांच्या बाबतीत कारण लागत नाही.

आणि ऑगस्टमध्ये शंतनुनं सांगितलं की तो नाताळानंतर बदली घेऊन विमानानं तीन तासांवरच्या रिचमंड हिलला जातोय. हेड ऑफिस, मोठी पोस्ट, चैत्रालीची बहीणही तिथेच. डिशवॉशर लावता लावता, भांडी हातात असताना, त्यानं विचारलं, "बाबा, तुम्ही पण चला ना आमच्याबरोबर."

उल्हासराव म्हणाले, "नको रे. मी इथे बरा आहे."

आता हे वाक्य नीट समजून घ्यायला हवं. पंगतीत वाढपी जिलबी घेऊन आला की माणूस पानावर हात आडवा धरतो. याचा अर्थ जिलबी नको असा नसतो. याचा अर्थ मी हावरट नाही, तुम्ही दुसऱ्यांदा विचारा, एवढाच असतो. दुसऱ्यांदा विचारलं की हात थोडा वर उचलायचा, तिसऱ्यांदा विचारलं की बाजूला घ्यायचा आणि बस बस म्हणत तीन जिलब्या घ्यायच्या. उल्हासरावांनी तिसऱ्या वेळी मान हलवायचं मनाशी ठरवलं होतं. त्या रात्री त्यांनी मोठी सुटकेस कपाटावरून खाली काढून पुसूनही ठेवली.

शंतनु वयाच्या सातव्या वर्षी कॅनडात आला. इथे माणूस नको म्हणाला की त्याला नको असतं. तो ओके म्हणाला आणि त्यानं डिशवॉशरचं दार लावलं. तीन आठवड्यांनी नव्या घराचा नकाशा व्हॉट्सॲपवर आला. चौथ्या बेडरूमवर 'चैत्राली ऑफिस' असं लिहिलेलं होतं. उल्हासरावांनी त्याला अंगठा पाठवला. सुटकेस पुन्हा वर चढवायला दोन माणसं लागतात, म्हणून ती पॅसेजमध्येच राहिली. येता-जाता ते तिला वळसा घालत.

मात्र तीस वर्षं हायवे खात्यात पूल तपासलेला माणूस असा बसून राहत नाही. सपाट मुलखात पुलांच्या इंजिनियरला काम कमी आणि विचार करायला वेळ पुष्कळ. त्यांनी हिशेब केला. रायफल त्यांच्या नावावर असणार. शंतनुकडे लायसन नाही आणि चैत्राली तिला उंबऱ्याच्या आत घेणार नाही. म्हणजे रायफल रेजिनातच, आजोबांच्या बेसमेंटमध्ये, कुलपात राहणार. म्हणजे दर नोव्हेंबरात ऊर्मीला रेजिनाला यावं लागणार. फक्त रायफल अशी हवी की ती दहा-बारा वर्षं पुरेल. पोर मोठी झाली, रायफल लहान पडली, की संपलं.

थोडक्यात, रायफल वाढत्या मापाची हवी.

हे धोरण त्यांच्या रक्तातच होतं. त्यांनी शाळेतला गणवेश पाचवीत घेतला तो सातवीत अंगाला बसला आणि आठवीत फाटला. अंगाला बसणारे कपडे त्यांनी आयुष्यात एक वर्ष घातले.

ऑक्टोबरातल्या एका शनिवारी आजोबा आणि नात दुकानात गेले. शहराच्या टोकाला, ट्रॅक्टरच्या सुट्या भागांच्या शेजारी, एका भिंतीवर भुसा भरलेलं मूसचं, तिथल्या थोराड सांबराचं, डोकं आणि दुसऱ्या भिंतीवर रायफली. मालक ओरेस्ट हा उल्हासरावांच्याच वयाचा, पोटावर सस्पेंडर ताणलेला युक्रेनी वळणाचा माणूस. हे दोघं आल्याबरोबर त्यानं कॉफी हवी का विचारलं. उल्हासराव नो नो, थँक यू म्हणाले. ओरेस्टनं भांडं परत ठेवलं. तीस वर्षांत या देशात त्यांच्या अशा किती कॉफ्या गेल्या असतील याचा अंदाज करणं अवघड आहे.

वहीतल्या दोन स्थळांपैकी त्यांनी आधी मोठं मागितलं. लांब नळी, अक्रोडाच्या लाकडाचा दस्ता, त्यावर मधासारखी झाक. घरंदाज. ओरेस्टनं ती रिकामी आहे हे आधी स्वतः बघितलं, मग आजोबांना दाखवलं, मग ऊर्मीला दाखवलं, आणि मग तिच्या हातात दिली.

तिनं ती खांद्याला लावली. डोकं मागे गेलं, कोपर लटपटलं, आणि दुर्बिणीतून बघायला मान बगळ्यासारखी पुढे काढावी लागली. नळीचं टोक हळूहळू खाली जात जात काउंटरवरच्या बबलगमच्या बरणीवर स्थिरावलं.

"कशी आहे?" आजोबांनी विचारलं.

"इट्स फाइन, आजोबा."

उल्हासरावांनी ओरेस्टकडे बघितलं. म्हणजे झालं. मोठी होईल तशी बसेल, असं त्यांनी त्याला इंग्रजीत समजावलं. हाडं आमच्या घराण्याची लांब आहेत. हिचा बाप पंधराव्या वर्षी एकदम उंच झाला.

ओरेस्ट वाद घालणारा माणूस नव्हता. त्यानं ऊर्मीला कोपर दुमडायला सांगितलं, दस्त्याचं टोक कोपराच्या खोबणीत टेकवलं आणि चापाकडे बोट न्यायला लावलं. बोट दोन इंच अलीकडेच संपलं. मग तो शांतपणे बोलला. कोट मोठा झाला तर बाही दुमडता येते, बंदुकीची दुमडता येत नाही. मोठ्या बंदुकीचा धक्का लहान खांद्याला एकदा बसला की पोरगं पुढच्या वेळी चाप ओढायच्या आधीच डोळे मिटतं. मग नेम चुकतो. मग ते म्हणतं, मला आवडत नाही. आणि मग येत नाही. अशा बंदुका त्याच्याकडे परत विकायला येतात, जवळजवळ नव्याच असतात.

मग येत नाही, एवढेच शब्द उल्हासरावांनी ऐकले. मागचं-पुढचं त्यांना नीट ऐकू आलं नाही. त्यांनी मूसकडे बघितलं.

"दुसरी दाखवा," ते म्हणाले.

दुसरी आखूड होती, काळ्या प्लास्टिकच्या दस्त्याची, दिसायला छत्रीच्या दांड्याइतकीच रुबाबदार. वहीत तिच्यापुढे 'स्वभाव शांत, रूप यथातथा' असं लिहिलेलं होतं. ओरेस्टनं ऊर्मीला डोळे मिटून ती खांद्याला लावायला सांगितली आणि मग डोळे उघड म्हणाला. तिनं डोळे उघडले. मान कुठेही ताणावी लागली नाही. गाल दस्त्यावर असा टेकला होता जसा लहानपणी झोप आली की ती आजोबांच्या खांद्यावर टेकवायची. समोरच्या भिंतीवरच्या कॅलेंडरवर दुर्बिणीतून नजर रोखून ती स्थिर उभी होती.

"ओ," ती म्हणाली. एवढंच. पण हा 'ओ' आणि मघाचं 'फाइन' यांत किती अंतर आहे ते पूल मोजणाऱ्या माणसाला कळलं.

त्यांनी विचारलं की ही किती वर्षं पुरेल. ओरेस्टनं ड्रॉवरमधून एक पारदर्शक पिशवी काढली. आत तीन चकत्या होत्या, बोटभर जाडीच्याही नाहीत. पोर वाढली की दस्त्याचे स्क्रू काढायचे, एक चकती घालायची, पुन्हा आवळायचं. वर्षाला एक धरा, तो म्हणाला. उल्हासरावांनी पिशवी उजेडात धरली. तीन वर्षं. त्यांनी बाराची अपेक्षा ठेवली होती, पण समोरचा दुकानदार होता, देव नव्हता. पाना आणि स्क्रूड्रायव्हर त्यांच्या बेसमेंटमध्ये होते. पुढच्या नोव्हेंबरात ती येईल, मी चकती बसवून देईन. नंतरच्या नोव्हेंबरात दुसरी. त्यांनी पिशवी कोटाच्या आतल्या खिशात ठेवली, पासपोर्ट ठेवतात तिथे. शिकारीचं भगवं जॅकेटही घेतलं, ऊर्मीसाठी. आपल्यासाठीही एक घेऊन ते आरशासमोर उभे राहिले. हिमालयात जायला निघालेला पण बस चुकलेला माणूस आरशातून त्यांच्याकडे बघत होता.

रायफल चापाला कुलूप घालून, खोक्यात बंद करून गाडीच्या डिकीत गेली. बाहेर भुरभुर बर्फ पडायला लागलं होतं. विंटर टायर अजून चढवायचे होते. उल्हासरावांनी गाडी सुरू केली आणि हीटर लावला. आता सांगावं, असं त्यांनी ठरवलं. रायफल माझ्याकडे राहील, तू दर वर्षी ये, तिकीट मी काढीन. मनात वाक्य जुळवत ते काच पुसत राहिले.

ऊर्मी आधी बोलली. तिला मराठी ऐकता यायचं, बोलताना मात्र ती शब्द शोधत हळू जायची, निसरड्या वाटेवरून चालावं तशी.

"आजोबा, गन तुझ्या नावावर आहे, राइट?"

"हो."

"आणि बाबाकडे लायसन नाही. सो गन एकटी येऊ शकत नाही रिचमंड हिलला." ती खिडकीबाहेर बघत होती. "मी वाचलं ते. लायसनवाला माणूस लागतो घरात. तिकडे बेसमेंटमध्ये रूम आहे, विथ वॉशरूम. आईला मी सांगते. तू पण चल ना."

काच पुसणारा उल्हासरावांचा हात थांबला. दोन महिने ते रायफलीला गळ समजून पाण्यात सोडत होते. पोरगी गळाचं दुसरं टोक हातात धरून बसली होती, हे त्यांना आत्ता कळलं. छातीवरची तीन चकत्यांची पिशवी टोचायला लागली. त्यांनी तोंड उघडलं, आणि सत्तर वर्षांच्या संस्कारांनी, कुणालाही न विचारता, आतून उत्तर दिलं.

"नको गं. मी इथे बरा आहे."

"ओके," ऊर्मी म्हणाली, आणि तिनं कानात इयरफोन घातले.

गाडी रस्त्याला लागली. पहिला सिग्नल हिरवा मिळाला. दुसराही हिरवा मिळाला. वायपर काचेवर तेच ते करत होते. उजव्या हाताला धान्याची कोठारं गेली, मग बंद पडलेलं फर्निचरचं दुकान, मग प्रभाताई जिथे गेल्या ते हॉस्पिटल. उल्हासरावांच्या डोळ्यांसमोर पॅसेज आला, पॅसेजमधली सुटकेस आली, आणि उरलेलं आयुष्य तिला वळसा घालत संडासापर्यंत जाणारे ते स्वतः आले. पानावरचा हात उचलावा असं त्यांना फार वाटत होतं. पण वाढपी पुढच्या पंगतीत गेला होता आणि कानात गाणी ऐकत होता.

तिसरा सिग्नल लाल होता.

त्यांनी हँडब्रेक ओढला. घसा खाकरला. मग बोटानं हळूच तिच्या बाहीला टोचलं. तिनं एका कानातला इयरफोन काढला आणि भुवया वर केल्या.

"ऊर्मी," ते समोरच्या लाल दिव्याकडे बघत म्हणाले, "मघाशी जे विचारलंस ना, ते जरा आणखी दोनदा विचार."