सोमवारचा ताप

दवाखान्यातल्या तापाच्या नोंदी आलेखावर मांडल्या की दर सोमवारी रेघ टुणकन वर उडायची आणि गुरुवारी अगदी जमिनीला टेकायची. त्या एका उड्डाणावर तिने दोन वर्षं काढली होती. संख्याशास्त्र, आरोग्य, संगणक असं सगळं एकत्र शिकवणाऱ्या त्या पदव्युत्तर वर्गात तिचंच गणित सगळ्यांत देखणं ठरलं होतं. लेकीच्या जन्मामुळे प्रबंधाला मिळालेली मुदतवाढ येत्या शुक्रवारी संपत होती आणि त्याच दिवशी तोंडी परीक्षा होती. आरोग्य कार्यालयाने तर तिच्या आलेखावर विसंबून या आठवड्यापासूनच गुरुवारचा डॉक्टर बंद करायचं ठरवलं होतं.

आज सोमवार. ती दवाखान्यात आली होती प्रबंधावरच्या नुसत्या एका सहीसाठी. सासूबाईंचा गुडघा धरलेला, म्हणून लेक कडेवर.

"आण इकडे त्या ठमीला," दवाखान्याच्या सिस्टर म्हणाल्या. सही करता करता त्यांनी आलेख पाहिला आणि हसूच लागल्या. "अगं बाई, सोमवारी एवढा ताप? सोमवारी मी माशा मारत असते. म्हणून तर रजिस्टर भरायला बसते."

"म्हणजे?"

"हात मोकळा असला तर एखादी लगेच लिहिते; बाकी आठवडाभराच्या चिठ्ठ्या या डब्यात टाकायच्या न् सोमवारी उतरवायच्या. गर्दीत कोण लिहीत बसणार? हात दोनच आहेत मला."

"आणि तारीख?"

"लिहिते त्या दिवशीची. वीस वर्षं असंच चाललंय. विचारलं कुणी?"

तिनेही विचारलं नव्हतं. आकड्यांची फाइल तिने घासूनपुसून लख्ख केली होती. पण ती कोण लिहितं, कधी लिहितं, हे बघायला एकदाही इथे येऊन बसली नव्हती.

"जुन्या चिठ्ठ्या?"

"उतरवल्या की फाडते. गेल्या आठवड्याच्या उतरवायच्यात अजून, त्या आहेत बघ."

तिने चिठ्ठ्यांवरच्या तारखा बघत त्या बाकावर वारानुसार लावल्या. एक लेकीच्या तोंडातून काढावी लागली. एकूण त्रेचाळीस, त्यातल्या एकोणीस गुरुवारच्या.

"मग? गुरुवारी कारखान्याला सुट्टी," सिस्टर म्हणाल्या, "पोरं घेऊन सगळे त्याच दिवशी येतात."

तिने तिथूनच प्रबंधाच्या मार्गदर्शक सरांना फोन लावला.

"एका डब्यावरून दोन वर्षं बुडवणार तू?" सर वैतागले. "मर्यादा म्हणून एक ओळ टाक शेवटी. शुक्रवार उरकू दे, मग कार्यालयाला सांगू."

"गुरुवार आधी येतो, सर."

"पुन्हा मुदतवाढ मिळायची नाही. माहितीये ना?"

"हो."

फोन ठेवल्यावर ती लेकीच्या मऊ जावळात नाक खुपसून क्षणभर तशीच बसली. या पोरीला झोपवून, तिच्या श्वासाकडे कान ठेवून लिहिलेली पानं होती ती. मग तिने कार्यालयाचा नंबर फिरवला.

तिथल्या कारकुनाने सगळं निमूट ऐकून घेतलं. "डॉक्टर तूर्त ठेवतो, ताई. पण फायलीत कारण लागतं. 'फेरअभ्यास चालू' असं घालू? तुमचंही नाव राहील."

लेक तिच्या कानातलं ओढत होती. तिने ती इवलीशी मूठ हलकेच सोडवली.

"नको," ती म्हणाली. "अभ्यास चुकला, असं लिहा. कुणाचा, तेही लिहा."

आणि ती आपलं नाव सांगू लागली, एकेक अक्षर, सावकाश.