पाटीवर आधी नाव कुणाचं?

विलीनीकरणाची ही नववी बैठक. नवव्यांदाही गाडं तिथंच अडलं होतं: नव्या संस्थेच्या पाटीवर आधी नाव कुणाचं?

आदिवासी समाज एकच, वस्ती एकच. संस्था मात्र दोन. एकीकडे दवाखाना आणि रुग्णांची गाडी. दुसरीकडे आपल्या भाषेची शाळा आणि इस्पितळात रुग्णाजवळ बसणारे दुभाषे. पहिलीचे अध्यक्ष दादा, दुसरीचे अण्णा. सख्खे चुलत भाऊ! वीस वर्षांपूर्वी कुठल्याशा सत्कारात एकाला मागची खुर्ची मिळाली, तेव्हापासून विळ्याभोपळ्याचं सख्य.

"आमची संस्था जुनी," दादा म्हणाले.

"असेल! पण भाषा आम्ही जगवली. तुमच्यात आलो की आधी आमच्या शाळेलाच टाळं लावाल," अण्णा उसळले.

तेवढ्यात धाडकन दार उघडून दादांची मुलगी आत आली. ती त्याच दवाखान्यात नर्स.

"बाई इस्पितळात आहेत. आहे का कुणाला पत्ता?"

या दोघा भावांना लहानपणी लिहा-वाचायला शिकवलं ते याच बाईंनी. आता आठवड्यातून तीनदा त्यांना डायलिसिस लागे.

"सोमवारी आपली गाडी त्यांच्या दारावरून गेली, दादा. चार जागा रिकाम्या! पण थांबली नाही. का? तर बाईंचं नाव अण्णाकाकांच्या संस्थेच्या यादीत. डायलिसिस चुकलं, छातीत पाणी भरलं. इस्पितळात त्या आपल्या भाषेत सांगत होत्या, डॉक्टरांना कळत नव्हतं. दुभाष्यासाठी मी फोन केला, काका, तर 'त्यांची नर्स बोलतेय' म्हणून तुमच्या माणसानं तो ठेवून दिला! लाज वाटते मला, तुमच्या दोघांच्याही घरची असल्याची!"

तिनं दोघांना उठवलं आणि त्याच गाडीतून इस्पितळात नेलं.

बाईंच्या नाकाला ऑक्सिजनची नळी होती. धापा टाकत त्या बोलल्या, "भांडा रे, भांडा. मी जाईपर्यंत पाटी रंगवून ठेवा."

"बाई, एक झालो तर भाषा बुडेल हो," अण्णा पुटपुटले.

"भाषा? ती होती की माझ्या तोंडात! ऐकायला कान कुठं होता? आणि दादा, तुझी गाडी काय मिरवायला आहे? अरे, एक व्हा म्हणजे विरघळून जा असं कोण म्हणतं? शाळेचा कारभार शाळेवाल्यांकडेच राहील असं लिहून घ्या. पण दार एकच ठेवा. आजारी माणसानं काय उंबरठा निवडून आजारी पडायचं?"

दादांची मान खाली गेली. "अण्णा, तू हो अध्यक्ष."

"नको. तू नको, मीही नको. वस्ती निवडेल. पाटीवर वस्तीचंच नाव लावू."

"हे शहाणपण सोमवारी कुठं होतं?" मुलगी कडाडली.

दहाव्या बैठकीत सह्या झाल्या. शाळेच्या कारभाराला कुणी हात लावायचा नाही, हे पहिलं कलम. बाई महिन्याभरानं घरी परतल्या, पण खाटेवर पडून पायांतलं बळ गेलं, पुन्हा पायांवर उभ्या राहू शकल्या नाहीत. ते पाय कोणतंही कलम परत देणार नव्हतं.

बंधूंनो, भगिनींनो, संस्था माणसांसाठी उभ्या राहतात. ज्या दिवशी माणसं संस्थेच्या यादीपायी मरायला लागतात, त्या दिवशी ती सेवा उरत नाही, नुसती मिजास उरते! आपापलं वेगळेपण जरूर राखा. पण अध्यक्षांच्या रुसव्याला वेगळेपण म्हणू नका.