खोटारड्याची जीभ धरणारं हाड

बाजाराचा दिवस असूनही खाणीजवळच्या औलाद हमरी गावाचा बाजार ओस पडला होता. सगळं गाव मौलवीच्या, म्हणजे फकीह जिलालीच्या, अंगणात लोटलं होतं. भिंतीवर पोरं बसली होती, दारात गाढवं ताटकळली होती, आणि मधोमध हिरव्या रुमालावर वीतभर लांबीचं एक पिवळट, दातेरी हाड होतं.

"सुलेमान पैगंबरांनी जमिनीत गाडलेल्या जिनाचा जबडा आहे हा!" फकीह गरजला. "खऱ्याची जीभ सोडतो, खोट्याची धरून ठेवतो! याला साक्षीदार नको, वकील नको!"

वकील नको, पण भेट हवीच. लोकांनी भेट म्हणून आणलेल्या साखरेच्या शंकूसारख्या ढेपांनी अंगणाचा कोपरा भरून गेला होता.

हाडासमोर हनिया उभी होती. नवरा इटलीत कामाला, घरी सासू म्बारका आणि तीन वर्षांची लेक. तान्हा मुलगा नुकताच तापानं गेला होता, आणि सासू गावभर सांगत सुटली होती की हिनंच बाळाला काहीतरी चारलं. आज जबड्यानं जीभ धरली, की लेक काढून घेऊन हनियाला घराबाहेर घालायचं, असं नवऱ्यानंही फोनवरून सांगितलं होतं.

शाळेच्या तूरियाबाई कडेला उभ्या होत्या. हनिया एकेकाळी त्यांच्याच वर्गात शिकलेली. हा कसला न्याय, म्हणून बाईंचं डोकं तापलं होतं. पण नजर फकीहच्या हातांवरून हलत नव्हती.

फकीहनं आधी हाड म्बारकापुढे धरलं. "अल्लाशपथ, हिनंच माझा नातू मारला," म्हणत तिनं जीभ लावली. काही झालं नाही. मग त्यानं रुमालानं हाड पुसलं आणि पुसता पुसता उलटं केलं. ते बाईंनी पाहिलं.

"अल्लाशपथ, मी त्याला दुधाशिवाय काही दिलं नाही," हनिया कशीबशी म्हणाली.

तिची जीभ चिकटली. घाबरून तिनं मान हिसडली आणि तोंडातून रक्त आलं.

"धरली! धरली!" अंगण उसळलं. म्बारकानं नातीचं मनगट पकडलं. पोर आईच्या नावानं टाहो फोडू लागली.

बाई गर्दी सारत पुढे आल्या. "फकीहसाहेब, मलाही शपथ घ्यायचीय."

"बायकांनी यात पडू नये."

"मग आत्ता काय बैलांना चाटायला लावलंत?"

लोक हसले, तेवढ्यात बाईंनी हाड उचललं. "माझं नाव तूरिया. मी या गावात शिकवते." त्यांनी जीभ लावली आणि हात सोडला. हाड जिभेला लटकून राहिलं. हसू एकदम थांबलं. बाईंनी ते हळूच सोडवलं, उलटं केलं. "आणि मी या देशाची राणी आहे." पुन्हा जीभ लावली. हाड चिकटलं नाही.

"इकडे द्या," म्हणत खाटीक लार्बी पुढे आला. त्यानं तीच बाजू चाटली. "मी आजवर कुणालाही कमी तोललं नाही!" जीभ साफ सुटली.

"अरे, मग हा जबडा बिघडलाच!" मागून कुणीतरी ओरडलं.

बाईंनी लार्बीच्या सुरीनं ती बाजू खरवडली. पातळ, चकचकीत पापुद्रा निघाला. "हे रोगण आहे, त्याला जीभ चिकटत नाही. खालचं हाड बारीक छिद्रांनी भरलेलं असतं, ते जिभेचं पाणी शोषतं आणि जीभ धरतं. कुणाचीही. तुम्ही खाणीच्या कडेला असल्याच जनावरांचे दात विकायला वेचता, पण दातावर गुळगुळीत कवच असतं, ते चिकटत नाही. हाडाला गिऱ्हाईक नाही म्हणून ते फेकून देता. कधी चाटून पाहिलंत?"

"मग हा जिन नाही?" लार्बीनं विचारलं.

"सरडा आहे. बसएवढा; जबड्याचा हा नुसता तुकडा. सात कोटी वर्षांपूर्वी इथं समुद्र होता, त्यात हा शिकार करायचा आणि श्वास घ्यायला वर यायचा. या छिद्रांतून त्याचं रक्त वाहायचं. ही गाठ बघा, जबडा मोडून पुन्हा जुळलाय. म्हणजे एवढं लागूनही हा पुढे जगला. हाड एवढीच साक्ष देतं. हनियाबद्दल त्याला काय माहीत?"

फकीह पुटपुटला, "जिन रागावलाय..." पण त्याच्याकडे कुणी बघितलं नाही.

म्बारका मात्र हटेना. "मग माझा नातू कशानं गेला? सांग ना, एवढी शिकलीस ती!"

"तापानं, मावशी. ताप चढला तेव्हा त्याला कुठं नेलंत?"

 "इथंच, फकीहकडे," म्बारका म्हणाली. "ही दवाखान्यात चला म्हणून रडत होती. फकीहनं जबडा घासून भुकटी दिली, पाण्यातून पाजायला. मीच पाजली. तीन दिवस."

नातीचं मनगट तिच्या हातून सुटलं आणि पोर आईला जाऊन बिलगली.

बाई गर्दीकडे वळल्या. "पोर तापलं तर दवाखान्यात न्या. आणि कुणी चमत्कार दाखवला, तर मान डोलावण्याआधी ती वस्तू हातात मागा, उलटून पाहा, विचारा. विचारलं म्हणून देव कोपत नाही. विचारलं नाही म्हणून काय होतं, ते समोर आहे."

हनियानं लेकीला कडेवर घेतलं आणि ओठांवरचं रक्त पुसत ती दाराकडे चालू लागली. लोकांनी वाट दिली. तिला अडवायची कुणाची हिंमत झाली नाही, आणि माफ कर म्हणायचीही.